विश्लेषण : ट्रकचालक व्हायचे असेल तर नेमके काय शिकावे लागते? परवान्यापासून घाटातल्या गिअरपर्यंत सगळे काही

देशात प्रशिक्षित चालकांची मोठी टंचाई आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी हा आकडा २२ लाख असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. दुसरीकडे गावोगावी दहावी-बारावी झालेली, कामाच्या शोधात असलेली मुले आहेत. मग ही दोन टोके जुळत का नाहीत? एक मोठे कारण म्हणजे ट्रक चालवायला शिकायचे कुठे, किती दिवस, कोणता परवाना आधी आणि कोणता नंतर, याची नीट माहिती मिळत नाही. मग कोणीतरी एजंट गाठला जातो, पैसे जातात, कागद हातात येतो. पण गाडी हातात येत नाही.

हा प्रश्न फक्त नोकरीपुरता नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. अवजड गाडीच्या अपघातात चालक स्वतः तर अडकतोच, पण समोरच्या दुचाकीवरचे कुटुंबही अडकते. त्यामुळे पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसणाऱ्याला काय शिकवले जाते आणि काय राहून जाते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

वय, शिक्षण आणि पहिली पायरी कोणती?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार कार चालवण्याचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो. मात्र ट्रकसारखे परिवहन वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय थेट ट्रकचा शिकाऊ परवाना मिळत नाही. त्याआधी हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे साध्या भाषेत कारचा पक्का परवाना किमान एक वर्ष हातात असला पाहिजे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की ट्रकचालक व्हायचे ठरवले असेल तर १८ पूर्ण झाल्यावर लगेच कारचा परवाना काढून ठेवावा. अनेक मुले २१-२२ व्या वर्षी चौकशीला जातात आणि तेव्हा कळते, की अजून एक वर्ष थांबावे लागणार.

शिक्षणाची अट आता नाही. पूर्वी परिवहन परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे बंधनकारक होते. ही अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. आठवी न झालेल्या, पण हातात कौशल्य असलेल्या अनेकांना यामुळे दार उघडले. मात्र ज्वलनशील किंवा घातक माल नेणाऱ्या टँकरसाठी लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे, तसेच तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षणही घ्यावे लागते.

प्रक्रिया कशी असते?

अर्ज ‘सारथी’ या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करता येतो. क्रम असा :

• कारचा पक्का परवाना, त्यानंतर किमान एक वर्ष.
• परिवहन वाहनासाठी शिकाऊ परवाना. त्याची मुदत सहा महिने असते.
• नोंदणीकृत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण आणि तिथले प्रमाणपत्र. परिवहन परवान्यासाठी हे प्रमाणपत्र कायद्यानेच आवश्यक आहे.
• नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म १ ए’.
• शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनी आरटीओकडे चाचणी.

वैद्यकीय प्रमाणपत्राकडे बरेच जण ‘सही-शिक्क्याचा कागद’ म्हणून पाहतात. तसे करू नये. या फॉर्ममध्ये डॉक्टरांनी लांबची नजर, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रात्री नीट दिसते का, ऐकू येते का हे तपासायचे असते. रातांधळेपणा असेल तर तो परवाना काढताना कळलेला बरा; रात्री दोन वाजता समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत कळून उपयोग नाही.

सरकारी शुल्क तुलनेने कमी आहे. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याला १५० रुपये, त्याच्या चाचणीला ५० रुपये, पक्क्या परवान्याच्या चाचणीला ३०० रुपये आणि आधीच्या परवान्यात वाहनाचा नवा वर्ग जोडायला ५०० रुपये लागतात. स्मार्ट कार्ड, टपाल वगैरे खर्च वेगळा. खरा खर्च प्रशिक्षणाचा असतो. म्हणूनच कोणी ‘सगळे मिळून’ एकच मोठी रक्कम सांगत असेल, तर त्यात शुल्क किती, प्रशिक्षण किती आणि एजंटचे किती, हे वेगवेगळे लिहून मागावे. शुल्काची पावती तुमच्याच नावाने मिळते.

परिवहन परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. घातक मालाच्या परवान्याची मुदत तीन वर्षे असून नूतनीकरणावेळी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते.

७,५०० किलोची रेषा इतकी महत्त्वाची का?

नवख्या चालकासाठी सर्वांत उपयोगाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. विमा कंपन्या याच मुद्द्यावर अपघाताचे दावे नाकारत होत्या. २०१७ च्या निकालातही न्यायालयाने हेच म्हटले होते. घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

इथे ‘एकूण वजन’ म्हणजे गाडी अधिक माल. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ते लिहिलेले असते. म्हणजे बाजार समितीत भाजी नेणारा छोटा हत्ती, पिकअप, शहरात माल पोहोचवणारे छोटे टेम्पो यांतले बहुतेक या रेषेच्या आत येतात. १२,००० किलोच्या वर एकूण वजन गेले की ते अवजड मालवाहू वाहन. मधल्या गाड्या मध्यम गटातल्या. ७,५०० किलोच्या पुढे परिवहन परवाना लागतोच.

अनुभवाच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे एक चांगली पायरी आहे. कारच्या परवान्यावर वर्ष-दोन वर्षे छोटा टेम्पो चालवला, की माल भरल्यावर गाडी कशी वागते, आरशात पाहून मागे कशी घ्यायची, माल उतरवताना कागद कोणते लागतात, याची सवय होते. मग मोठी गाडी एकदम अंगावर येत नाही.

प्रशिक्षण नेमके किती तासांचे?

इथे दोन मार्ग आहेत आणि त्यांत फरक आहे.

पहिला मार्ग नेहमीच्या नोंदणीकृत ड्रायव्हिंग स्कूलचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १५ तास असावे.

दुसरा मार्ग मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा. त्यांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. मध्यम आणि अवजड वाहनांसाठी इथला अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत विभागलेला आहे. अशा केंद्रासाठी किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक लागतो. शिकवणारा किमान बारावी झालेला आणि गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेला असावा लागतो. इथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते.

याच सवलतीवरून २०२४ च्या मे-जूनमध्ये समाजमाध्यमांवर मोठा गोंधळ झाला होता. ‘आता आरटीओत चाचणीच द्यावी लागणार नाही’ असे संदेश फिरले. केंद्र सरकारने नंतर खुलासा केला. सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त केंद्राच्या ‘फॉर्म ५ बी’ प्रमाणपत्रावर. साध्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ‘फॉर्म ५’ वर चाचणी चुकत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे चाचणी लागत नाही’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : प्रमाणपत्र ५ की ५ बी?

याशिवाय चालक प्रशिक्षण आणि संशोधन संस्था आहेत. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाटा भागात अशी संस्था असून ती केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेमार्फत चालवली जाते. देशातले या क्षेत्रातले एक जुने नाव म्हणजे तमिळनाडूतील नामक्कल. ट्रक व्यवसायाच्या या गावात अशोक लेलँडने १९९० च्या दशकातच चालक प्रशिक्षण संस्था सुरू केली. कौशल्य विकास योजनांत ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलचा व्यावसायिक वाहनचालकाचा अभ्यासक्रमही आहे. मात्र कौशल्याचे प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडते, पण रस्त्यावर पोलिसांना परवानाच दाखवावा लागतो.

इतर देशांत काय स्थिती आहे?

युरोपीय संघात मालवाहतुकीचा चालक व्हायचे तर परवान्याबरोबर व्यावसायिक पात्रता मिळवावी लागते. तिचा पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा आणि जलद अभ्यासक्रम १४० तासांचा आहे. पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवख्या व्यावसायिक चालकांसाठी ठरावीक प्रशिक्षण सक्तीचे झाले. तिथे तासांची किमान मर्यादा नाही. अभ्यासक्रमातली प्रत्येक गोष्ट चालकाला जमते, असे प्रशिक्षकाने प्रमाणित करावे लागते.

आपले १५ किंवा ३८ तास या तुलनेत कमी वाटतात, आणि ते कमीच आहेत. म्हणून परवाना मिळाला म्हणजे शिक्षण संपले असे धरता येत नाही. पहिले वर्ष अनुभवी चालकाबरोबर काढणे हाच आपल्याकडचा उरलेला अभ्यासक्रम आहे.

कार येते, मग ट्रक वेगळा कसा?

सर्वांत मोठा फरक वजनाचा. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. तेव्हापासून सहा चाकी, दोन एक्सलच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांपर्यंत गेले. सव्वा टनाची कार आणि साडेअठरा टनांचा ट्रक एकाच वेगाने जात असतील, तर ट्रकमध्ये जवळपास १५ पट ऊर्जा असते. थांबायचे म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकमधून उष्णतेच्या रूपात बाहेर काढायची. त्यात वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे कारमधले ‘एवढ्या अंतरात थांबते’ हे गणित डोक्यातून काढून टाकावे लागते.

दुसरा फरक वळणाचा. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात. चौकात डावीकडे वळताना पुढचा भाग सुखरूप गेला तरी मागचे चाक फुटपाथवर किंवा शेजारच्या दुचाकीवर जाऊ शकते. म्हणून ट्रकचालक वळणाआधी थोडी बाहेरची बाजू घेतो. हे बाहेरून पाहणाऱ्याला चुकीचे वाटते, पण गाडीची ती गरज आहे.

तिसरा फरक न दिसणाऱ्या जागांचा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने कॅबिनच्या डाव्या बाजूला, अगदी समोर बंपरखाली आणि हौद्याच्या मागे चालकाला काहीच दिसत नाही. चांगले प्रशिक्षक शिकाऊ चालकाला स्टिअरिंगवर बसवून दुसऱ्या कोणाला गाडीभोवती फिरायला लावतात आणि तो कुठे-कुठे दिसेनासा होतो ते दाखवतात. दहा मिनिटांचा हा धडा आयुष्यभर पुरतो.

चौथा फरक मालाचा. पोलादाची कॉइल, कांद्याच्या गोणी, दुधाचा टँकर आणि कंटेनर या चार गाड्या एकाच रस्त्यावर चार प्रकारे वागतात. अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावरही आतल्या द्रवाच्या धक्क्याने पुढे ढकलला जातो. उंच रचलेला कापूस किंवा भुसा वळणावर गाडी कलंडवू शकतो. माल बांधताना रस्सा आणि ताडपत्री कशी आवळायची, थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा का तपासायची, हे पुस्तकात कमी आणि कामावर जास्त शिकायला मिळते.

घाटात गाडी न्यूट्रलवर का टाकू नये?

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. तपासात मात्र उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्याची बाब पुढे आली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. अशा उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेक चालकांना असते, आणि ती नवख्याला उस्तादाकडूनच लागते.

यामागचे तंत्र समजून घेऊ. साडेअठरा टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो, तेव्हा सुमारे पाच युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. ती कुठेतरी जायलाच हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन स्वतः चाकांना रोखून धरते आणि यातला मोठा वाटा उचलते. सोबत एक्झॉस्ट ब्रेक असेल तर आणखी मदत होते. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम आणि लायनर तापतात, पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. यालाच चालक ‘ब्रेक फेल’ म्हणतात. प्रत्यक्षात ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो.

इंजिनच बंद केले तर धोका आणखी वाढतो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ही हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत नवी हवा भरणे बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबले की साठा कमी होतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते.

आणि डिझेल तरी वाचते का? आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाचा पुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचवलेले डिझेल मुळात वाचलेलेच नसते.

घाटाचा साधा नियम जुने चालक असा सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि हा गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, मध्यावर नाही. बोरघाट असो, कसारा असो की कात्रज, नियम तोच. चाचणीच्या नियमांतही उतारावर खालचा गिअर टाकणे आणि चढावर थांबून हँडब्रेकच्या मदतीने पुन्हा निघणे या दोन्ही गोष्टी आहेत. तुमच्या प्रशिक्षणात त्या झाल्या नसतील तर आवर्जून मागा.

स्टिअरिंगशिवाय आणखी काय यावे लागते?

आजचा चालक फिरते कार्यालयच सांभाळतो. मालाची बिल्टी, बिल, ई-वे बिल, गाडीचे फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी हे सगळे त्याच्याकडे असते किंवा मोबाइलवर असते. ई-वे बिलाची वैधता साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. गाडी बिघडून रस्त्यात उभी राहिली आणि मुदत संपत आली, तर मालकाला किंवा ट्रान्सपोर्टला वेळेत कळवणे हे चालकाचे काम. नाहीतर तपासणीत गाडी अडकते.

ओव्हरलोडबाबत तर चालकाने ठाम असलेच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४० हजार. ही जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावरही येते. ‘मालकाने भरायला सांगितले’ हे उत्तर काट्यावर चालत नाही.

बीएस-६ गाड्यांमुळे नवे कामही आले आहे. डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रवाची, म्हणजे डीईएफची वेगळी टाकी असते. तो संपला की गाडीची ताकद आपोआप कमी होते. दोन टाक्यांची झाकणे अदलाबदल झाली, डीईएफ डिझेलमध्ये गेले, तर इंधनप्रणालीचे मोठे नुकसान होते. निघण्यापूर्वी टायर, हवेचा दाब, दिवे, इंजिन ऑइल, कुलंट, एअर टँकमधले पाणी हे सगळे पाहण्याची दहा मिनिटांची फेरी रोज व्हायला हवी.

क्लीनरची जुनी शाळा का बंद पडतेय?

पूर्वी ट्रक शिकण्याचा रस्ता ठरलेला होता. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर जायचा. टायर बदलणे, ताडपत्री बांधणे, मागे घेताना हाका देणे यातून सुरुवात व्हायची. वर्ष-दोन वर्षांनी उस्ताद रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. त्यात शिक्षण खरे होते, पण परवाना नसताना गाडी चालवणे बेकायदा होते आणि उस्तादाच्या वाईट सवयीही शिष्यात उतरायच्या.

आता भाडे आणि डिझेलच्या गणितात अनेक मालकांना दुसऱ्या माणसाचा खर्च परवडत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी आंदोलन केले, तेव्हा क्लीनरची सक्ती रद्द करा ही त्यांची एक मागणी होती. गाडीवर एकच माणूस राहिला तर शिकणार कोण आणि शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. जुनी शाळा बंद होतेय आणि नवी अजून पुरेशी उभी राहिलेली नाही. चालकांची टंचाई याच फटीत तयार होते.

कामाचे तास आणि पगार : काय विचारून घ्यावे?

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. रस्त्यावर मात्र ‘उद्या सकाळी माल पोहोचला पाहिजे’ हाच कायदा चालतो. झोप आलेला चालक आणि दारू प्यायलेला चालक यांची प्रतिक्रिया सारखीच मंदावते. डोळे मिटू लागले की चहा किंवा खिडकी उघडणे हा उपाय नव्हे. गाडी वाहनतळावर किंवा ढाब्यावर लावून झोपणे हाच उपाय. महामार्गाच्या कडेला, दिवे बंद करून तर कधीच थांबू नये.

पगार बहुतेक ठिकाणी दोन भागांत असतो : महिन्याचा ठरलेला आकडा आणि फेरीचा भत्ता. काही ठिकाणी फक्त फेरीवर पैसे मिळतात. कामावर रुजू होण्याआधी हे प्रश्न विचारा :

• भत्त्यात जेवण, टोल, वजनकाटा, हमाली यांतले काय-काय धरले आहे?
• माल उतरवायला दोन दिवस थांबावे लागले तर त्या दिवसांचे पैसे मिळतात का?
• दंड कोण भरणार? वेगाचा चालकाने, फिटनेसचा मालकाने, हे आधी ठरवून घ्या.
• डिझेलची तूट पगारातून कापली जाते का आणि ॲव्हरेज कशावरून ठरते?
• भविष्य निर्वाह निधी, ईएसआय किंवा अपघात विमा आहे का?
• घरी सुट्टी किती दिवसांनी?

तोंडी ठरले तरी तेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. एका संदेशाने पुढचे बरेच वाद टळतात.

एक बदल मात्र चालकांच्या बाजूने झाला आहे. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या कॅबिनमध्ये २०२५ पासून वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले आहे. विदर्भात मे महिन्यात दुपारी गाडी चालवणाऱ्याला ही चैन नाही, सुरक्षिततेची गरज आहे. जुन्या गाड्यांना मात्र हा नियम लागू नाही.

अपघात झाला तर कायदा काय म्हणतो?

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आठवत असेल. कारण होते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२). अपघातात मृत्यू होऊन चालक पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी ही तरतूद. चर्चेनंतर सरकारने ती तूर्त लागू न करण्याचे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, पण हे उपकलम वगळून. मात्र कलम १०६(१) लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाची जबाबदारी सांगते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि २४ तासांच्या आत पोलिसांना माहिती द्यायची. जमावाच्या मारहाणीची भीती खरी आहे आणि कायद्यानेही ती लक्षात घेतली आहे. जमाव अंगावर येत असेल तर जागेवरून दूर व्हा. पण ११२ वर फोन करा आणि जवळचे पोलीस ठाणे गाठा. पळून जाणे आणि सुरक्षित ठिकाणाहून कळवणे यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. परवाना वैध नसेल किंवा त्या वर्गाचा नसेल, तर विमा कंपनी भरपाई देऊन नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणून मालकालाही चालकाचा परवाना ‘सारथी’वर तपासून घेण्यात स्वतःचाच फायदा आहे.

महिलांसाठी हे क्षेत्र खुले आहे का?

कायद्यात कोणतीही अडचण नाही. कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर ट्रक हाती घेतला आणि देशभर मालवाहतूक केली. एसटी महामंडळानेही महिला चालकांना बस चालवण्याचे प्रशिक्षण दिले आहे. अडचण आहे ती रस्त्यावरच्या सोयींची : स्वच्छ शौचालय, सुरक्षित वाहनतळ, रात्री थांबण्याची जागा. या सोयी पुरुष चालकांनाही नीट मिळत नाहीत. त्यामुळे सध्या शहरातली वितरणाची कामे, कंपन्यांच्या आवारातली वाहतूक आणि ठरलेल्या मार्गांवरच्या दिवसाच्या फेऱ्या येथून सुरुवात करणे अधिक सोयीचे ठरते.

प्रशिक्षण केंद्र निवडताना काय पाहावे?

• केंद्राचा परवाना कोणत्या वर्गाचा आहे? कार शिकवणारी प्रत्येक शाळा ट्रक शिकवू शकत नाही.
• स्वतःची अवजड गाडी आहे का? ती एअर ब्रेकची आहे का? दुहेरी नियंत्रण आहे का?
• तुमच्या हातात स्टिअरिंग किती तास? मागच्या सीटवर बसून पाहण्याचे तास यात धरू नका.
• भरलेल्या गाडीवर, रात्री आणि घाटात किमान एकेक फेरी होते का?
• रिव्हर्स, म्हणजे अरुंद जागेत मागे घेणे, रोज करून घेतात का? नव्या चालकांच्या छोट्या धडका मुख्यतः इथेच होतात.
• ‘यायची गरज नाही, प्रमाणपत्र देतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. तो तुमचा वेळ वाचवत नाही, तुमचे शिक्षण विकतोय.

पुढे काय?

केंद्राने टप्प्याटप्प्याने देशभर सुमारे १,६०० चालक प्रशिक्षण संस्था उभारण्याची योजना मांडली असून त्यासाठी ४,५०० कोटी रुपयांची तरतूद सांगितली आहे. न्हावा-शेवा बंदर, कळंबोलीचा पोलाद बाजार, चाकणचे कारखाने आणि नागपूर ते मुंबई पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहता महाराष्ट्रात चालकांची मागणी कमी होण्याची चिन्हे नाहीत. संस्था तालुक्याजवळ येईपर्यंत इच्छुकांनी क्रम मात्र पक्का लक्षात ठेवावा : १८ व्या वर्षी कारचा परवाना, मग छोट्या मालवाहू गाडीवर अनुभव, २० नंतर परिवहन परवाना आणि त्यानंतरचे पहिले वर्ष अनुभवी चालकासोबत. यातली कोणतीही पायरी पैसे देऊन गाळता येते, असे सांगणारे भेटतील. त्या गाळलेल्या पायरीचा हिशेब मात्र पहिल्याच मोठ्या उतारावर होतो.